आमच्या गावची अंगणवाडी अन् आरोग्य दिवस: पाचपैकी चार स्टार

सून पाचव्या महिन्यात आहे म्हणून अंगणवाडीत दर महिन्याला जो आरोग्य अन् पोषण दिवस असतो तिथं जाणं होतं, अमळनेर तालुक्यातलं गाव आमचं. आधी काय व्हायचं तर नर्सबाई यायच्या, लस टोचायच्या, भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून सफरचंद खा, डाळिंब खा सांगायच्या अन् निघून जायच्या. पोरी माना डोलवायच्या, घरी आल्यावर जैसे थे.

आता नवीन नर्सबाई आल्या त्यांनी आशाताईंना सांगितलं की सुनेसोबत सासूलाही आणा, जमलं तर नवऱ्यालाही. पहिल्या बैठकीत त्यांनी काही शिकवलंच नाही, नुसतं विचारलं की तुमच्या घरी स्वयंपाक कोण ठरवतं, गोळी कोण देतं अन् केव्हा देता. शेजारची एक म्हातारी तर पटकन बोललीच, "आमले कोनी इचारस का?" मग जे निघालं ते ऐका. निम्म्या घरांत रक्तवाढीची गोळी सकाळच्या चहासोबत दिली जात होती! गरोदरपणात १८० गोळ्या सरकार फुकट देतं, अन् चहाने त्यातलं लोह अंगी लागतच नाही नीट. सुनेला हे माहीत असलं तरी काय उपयोग, सकाळी कप हातात देणारी सासू असते ना. आता बऱ्याच घरी रात्री जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत देतात, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

तक्ताही बायांनीच बदलायला लावला. सफरचंद काढलं, त्याजागी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी, मोड आलेली मटकी आली, घरात जे आहे तेच. जुलाबावर ओआरएसचं पाकीट नसलं तर काय, हेही एका आजीबाईकडून सगळ्यांसमोर करून घेतलं, एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट छोटे चमचे साखर, तसाच अर्धा छोटा चमचा मीठ. आजीबाईने मीठ मुठीनेच घेतलं होतं, नर्सबाईंनी न रागावता चमचा हातात दिला, जास्त मीठ लहान लेकराला धोक्याचं असतं हे तेव्हाच सगळ्यांना कळलं. मला ही पद्धत लई आवडली.

एक स्टार का कापला ते सांगतो. वेळ सकाळी अकराची, अन् कापूस वेचणीच्या दिवसांत अकराला घरी कोण असतं? बाया दोनदा बोलल्या, वरून परवानगी नाही असं उत्तर आलं. दुसरं म्हणजे गावाच्या आरोग्य, स्वच्छता अन् पोषण समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत निधी येतो, तो कशावर खर्च झाला हे बैठकीत कधी वाचून दाखवलं नाही. नंदुरबार जिल्ह्यात २००७ पासूनच लोकाधारित देखरेख सुरू झाली, गावकरी आरोग्य सेवेला स्वतः मार्क द्यायचे, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलायचे. तिथं झालं ते आपल्याकडे का नको? आम्ही काय खावं हे आम्हाला विचारता तर पैसा कुठं लावावा हेही विचारा की.

बाप्ये मात्र अजून दोन-तीनच येतात. माझा पोरगा आला होता, त्या दिवसापासून सोनोग्राफीची तारीख तोच लक्षात ठेवतो. आजूबाजूच्या गावांतल्या भाऊ-बहिणींनो, घरात गरोदर बाई किंवा लहान लेकरू असेल तर आशाताईला तारीख विचारा अन् सगळं घर घेऊन जा, वेळ संध्याकाळची करा हेही तिथंच सांगा, जास्त जण बोलले तर ऐकतील.