सेल्फ अडला तरी गाडी अडली नाही : अँबॅसेडरच्या हँडलचा अनुभव

पेट्रोलवर चालणाऱ्या अँबॅसेडरच्या सीट, स्टेअरिंग आणि ॲव्हरेज यांबद्दल इतक्यांनी लिहिले आहे की त्यात मी भर घालत नाही. माझी 1976 सालची मार्क थ्री गेल्या उन्हाळ्यापासून रोजच्या वापरात आहे, आणि या काळात तिच्यातील सर्वांत उपयोगी वस्तू कोणती असे विचारले तर मी डिकीत ठेवलेल्या लोखंडी हँडलचे, म्हणजे समोरून घालून इंजिन हाताने फिरवण्याच्या दांड्याचे नाव घेईन.

घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत सेल्फची, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या विजेच्या मोटरची तक्रार सुरू झाली. कधी ‘टक्’ असा एकच आवाज येऊन हेडलाइट मंद होत आणि सगळे थांबे, तर कधी सेल्फ मोकळाच गरगरे आणि इंजिन जागचे हलत नसे. ओळखीतून एका दुकानात रिकंडिशन केलेला सेल्फ घेतला. कार्बन, बुश आणि पिनियन (सेल्फचे छोटे दातेरी चाक) नवे घातल्याचे बिलात लिहिले होते, तरी दोन्ही तक्रारी तशाच राहिल्या. दुकानदाराने बॅटरीकडे बोट दाखवले आणि बॅटरी तपासणाऱ्याने ती उत्तम असल्याचे सांगितले. दुसऱ्या गॅरेजमध्ये तर बॉनेट न उघडताच निदान झाले की फ्लायव्हीलची रिंग (इंजिनाच्या जड चाकावरील दातेरी कडे, ज्यात पिनियन अडकून इंजिन फिरते) गेली असून गिअरबॉक्स उतरवावा लागेल. नुसत्या अंदाजावर एवढी मजुरी मोजण्याची माझी तयारी नव्हती.

म्हणून आमच्या गावच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी सेल्फ काढला, मोकळ्या झालेल्या भोकातून आत टॉर्चचा उजेड धरला आणि मला समोरून हँडल हळूहळू फिरवायला सांगितले. रिंगचा एकेक दाता डोळ्यांसमोरून सरकू लागला. बहुतेक दाते धड होते. केवळ दोन ठिकाणी, बरोबर समोरासमोर, दातांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक पिस्टन दाबाच्या टप्प्यात येतो. इंजिन बंद होताना त्या दाबाला अडून फ्लायव्हील बहुधा याच दोन जागांपैकी एका जागी थांबते, त्यामुळे पुढच्या वेळी सेल्फची पिनियन पुन्हा त्याच दातांवर आदळते. वर्षानुवर्षे तेच दाते मार खातात.

हे पाहिल्यावर दुकानदारावरचा माझा राग निम्मा उतरला, कारण रिंग त्याने झिजवलेली नव्हती. उरलेला निम्मा कायम आहे, कारण बिलात नवी असलेली पिनियन सेल्फ काढल्यावर जुनी आणि बोथट निघाली. ती बदलून देण्यासाठी त्याने अनेक खेपा घालायला लावल्या.

दोष कळल्यावर उपाय सोपा झाला. सेल्फ मोकळा फिरला, तर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इग्निशन बंद ठेवून समोरून हँडल घालावे आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा द्यावा. चांगले दाते पिनियनसमोर येतात आणि सेल्फ पहिल्याच फटक्यात इंजिन उचलतो. पिनियन रिंगमध्ये अडकून नुसता ‘टक्’ होत असेल, तर इग्निशन बंद ठेवून, टॉप गिअर टाकून गाडी थोडी मागे-पुढे हलवावी. तेही जमले नाही तर सेल्फच्या मागच्या टोकावरील पत्र्याची टोपी काढावी. आत शाफ्टचे चौकोनी टोक असते, ते पान्याने फिरवले की पिनियन सुटते. ही सोय करून ठेवणाऱ्या अभियंत्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

सुरुवातीला हँडलचा उपयोग एवढाच, असे माझे मत होते. ते पावसाळ्यात बदलले. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि बॅटरी उतरली, तेव्हा मिस्त्रींच्या देखरेखीखाली हँडलवरच इंजिन चालू केले. सेल्फ बॅटरीतून इतका करंट ओढतो की ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलसाठी फारसे काही उरत नाही. हँडल मारताना मात्र आहे ती सगळी शक्ती ठिणगीला मिळते. चोक ओढून, इग्निशन बंद असतानाच दोन-तीन फेरे द्यावेत आणि मग इग्निशन चालू करून हँडल खालून वर एका झटक्यात ओढावे. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीसारखा वळवू नये, आणि हँडल वरून खाली दाबून तर कधीच मारू नये. ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधी पडते. हाताचा वेग कमी पडला तर पिस्टन उलटा ढकलला जातो आणि हँडलचा तडाखा मनगटावर बसतो. शेतावरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारलेल्यांना आधी व्हॉल्व्ह उचलून दाब सोडण्याची सवय असते. मोटारीत तशी सोय नाही, म्हणून त्यांनी अधिक सावध राहावे. डिझेल अँबॅसेडरवर हा प्रयोग करू नये, कारण तिथला दाब माणसाच्या हाताला झेपणारा नाही.

मारुती 800 सारख्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते, त्यामुळे समोरून हँडल घालण्याची वाटच उरत नाही. म्हणून आता मला हे हँडल जुनाटपणाची खूण न वाटता गाडी विकत घेण्याचे कारण वाटते.

रिंगचे काम मी टाळणार नाही, कारण खाल्लेले दाते नवी पिनियनही झिजवत राहतील. क्लच प्लेट बदलायला आली की गिअरबॉक्स तसाही उतरणार आहे, तेव्हा एकाच मजुरीत दोन्ही कामे होतील. मिस्त्रींचा सल्ला असा की जुनी रिंग तापवून सुटी करावी आणि पाव फेरा फिरवून पुन्हा फ्लायव्हीलवर चढवावी, म्हणजे थांबण्याच्या दोन्ही जागी न झिजलेले दाते येतील. रिंग फार तापली तर दातांची कठीणता जाते, म्हणून हे काम अनुभवी हातानेच व्हावे. ते साधले नाही तर नवी रिंग घालेन.

अँबॅसेडरचे उत्पादन 2014 साली थांबले असल्याने आता व्यवहार फक्त जुन्या गाड्यांचाच होतो. घेणाऱ्यांनी डिकीत मूळ हँडल आहे का, हे आधी विचारावे. मग ते समोरून घालून क्रँकच्या पुलीवरील नटाच्या खाचेत नीट बसते का, ते पाहावे. बंपर वाकलेला असेल तर हँडल तिरपे जाते आणि जोर लावताच निसटते. तसे आढळले तर बंपर सरळ करण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.