कागदावरचे गाव : वाईसारखे की जयसिंगपूरसारखे?

स्वतःच्या मनातले छोटे गाव कागदावर आखायला बसलेल्या माणसाने पहिली रेघ ओढण्यापूर्वी कृष्णेच्या खोऱ्यातील दोन गावे डोळ्यांखालून घालावीत. वाई शतकानुशतके नदीच्या कलाने वाढत गेली, तर जयसिंगपूर राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास, आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने, मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत आधी आराखडा करून वसवले.

रोजच्या सोयीचा विचार केला तर जयसिंगपूर सरस ठरते. तेथे समांतर गल्ल्यांना आकडे असल्यामुळे ‘सातवी गल्ली’ एवढ्या पत्त्यावर परका पाहुणाही मोजत मोजत दारापर्यंत पोहोचतो, आणि वस्ती वाढली तर पुढची गल्ली कोठे काढायची हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. वाईच्या जुन्या आळ्यांत समोरासमोर दोन मोटारी आल्या की एकीला मागे सरकावेच लागते. उन्हाळ्याच्या दुपारी मात्र याच अरुंदपणामुळे वाड्यांच्या भिंतींची सावली चालणाऱ्याच्या डोक्यावर राहते. रुंद रस्ता पसंत करणाऱ्याने झाडांच्या जागा त्याच नकाशात धरल्या नाहीत, तर ती सावली पुढे कोणत्याही निधीतून लवकर मिळत नाही.

पाण्याशी कसे वागावे, हे मात्र वाईकडूनच शिकावे. १७६२ मध्ये सरदार रास्ते यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे; पुराचा लोंढा तिच्यावर आपटण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा, अशी ती योजना आहे. नदीपात्राला लागून बांधायचेच असेल तर इतकी नम्रता हवी. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत, जयसिंगपूर ज्यात येते त्या शिरोळ तालुक्याचे जे हाल झाले, ते आठवले तर कोणताही नकाशा पूररेषेपासूनच सुरू करावासा वाटतो.

वाईच्या नदीकाठच्या पायऱ्यांच्या घाटांचा लाभ सामाजिक आहे. वाईत प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव आळीपाळीने होतो, त्यामुळे गावाच्या प्रत्येक भागाला स्वतःची जागा आणि मिरवायला स्वतःचे दिवस मिळतात. आकड्याच्या गल्लीला असे काही आपोआप चिकटत नाही. पण याच नाण्याला दुसरी बाजू आहे : वाईतील ‘ब्राह्मणशाही’सारखे वस्तीचे नाव तेथे कोण राहत होते हे उच्चारताच सांगून टाकते, आणि सातवी गल्ली याबाबत गप्प राहते. नव्या गावाला हे मौन मला फार मोलाचे वाटते.

(किर्लोस्करवाडीचा तिसरा नमुना अनेकांना सुचेल. १९१० मध्ये औंध संस्थानात कारखान्याबरोबर उभी राहिलेली ती वसाहत आखीव होती. परंतु एकाच कारखान्यावर गाव उभे करणे हा वेगळाच जुगार आहे.)

जागा सपाट असेल आणि रेल्वे किंवा बाजार जवळ असेल, तर जयसिंगपूरचा साचा निःशंकपणे घ्यावा. उताराची नदीकाठची जागा असेल, तर वाईप्रमाणे नदीला तोंड करून पायऱ्या बांधाव्यात आणि घरे पूररेषेच्या वर, सरळ ओळींत न्यावीत. दोन्ही परिस्थितींत गल्ल्यांना आकडेच द्यावेत. घाटांची नावे लोक ठेवतील.