ताईंचं टू-व्हीलर गॅरेज, भोसरी: ५ पैकी ४ स्टार

माझी ॲक्टिव्हा सिग्नलवरून उचलताना अशी थरथरायची की पिठाच्या गिरणीवर बसल्यासारखं वाटायचं. आधीच्या गॅरेजवाल्याने (नाव नको) काही न उघडताच सांगितलं इंजिनचं काम आहे, सात हजार लागतील, आणि वर म्हणे मॅडम घरात कोणी जेंट्स असेल तर बोलणं करून द्या. गाडी तशीच परत आणली.

मग ऑफिसमधल्या एकीने हे गॅरेज सांगितलं. गेले आणि चावी सरळ बाहेर बसलेल्या पोराच्या हातात ठेवली. तो म्हणाला मी हेल्पर आहे, मिस्त्री ताई आहेत. बाई असून मीच असं केलं, जाम लाजले. ताई म्हणाल्या रोजचंय हो, लोक तर शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारतात मेकॅनिक कुठाय.

ताई आधी स्वतः चक्कर मारून आल्या, मग माझ्यासमोर किकच्या बाजूचं कव्हर खोललं. क्लच शू घासून गुळगुळीत चकाकत होते, व्हेरिएटरचे (म्हणजे स्कूटरमध्ये गिअरचं काम करणारा भाग) रोलर एका बाजूने चपटे, बेल्टला चिरा. इंजिन ठणठणीत! सगळं मिळून २,४०० रुपये, जुने पार्ट पिशवीत घालून दिले. तीन महिने झाले, थरथर गायब.

थांबले होते तेव्हा गप्पा झाल्या. आयटीआयला मोटर मेकॅनिकला वर्गात या एकट्याच, सर म्हणायचे टेलरिंगला जा. नंतर कोणी हेल्पर म्हणूनही ठेवेना, का तर तुझ्यासमोर पोरांना मोकळं बोलता येत नाही. इथून जवळच टेल्को (आताची टाटा मोटर्स), १९७४ मध्ये त्यांच्या इंजिनिअर भरतीच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं आणि सुधा मूर्तींनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलेलं, ते सगळ्यांना पाठ आहे. आता तिथे हॅरिअर-सफारीच्या लाईनवर बायकाच आहेत. पण कंपनीत बस असते, टॉयलेट असतं. ताईंच्या गाळ्याला संडासच नाही, दोन गल्ल्या सोडून बहिणीकडे जावं लागतं, आणि तेवढ्यात आलेलं गिऱ्हाईक पोराला बघून, मिस्त्री नाही म्हणून निघून जातं.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. तासाभरात देते म्हणाल्या आणि चार तास लावले, बसायला एक स्टूल तोही डुगडुगता. सकाळी लवकर जा, यूपीआय चालतं, गुरुवारी बंद.