तेलमाश्या ओळखताना: आधी पंख, मग पाय

फुलांतून मकरंदाऐवजी तेल गोळा करणारी माशी समोर आली की नजर पहिल्यांदा तिच्या पायांवर जाते. साहजिकच आहे, बहुतेकींची तेल काढायची अवजारं पायांवरच असतात. पण नाव ठरवायचं असेल तर सुरुवात पंखापासून करा. पाय सांगतात ती कोणत्या प्रकारच्या फुलावर काम करते ते. ती कुणाची कोण, हे त्यावरून कळेलच असं नाही.

कारण फुलांत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ श्टेफान फोगेल यांनी १९७४ मध्ये तेलफुलं आणि तेलमाश्या यांच्या नात्याची सविस्तर मांडणी केली. माल्पिगिया कुळातल्या फुलांच्या निदलांवर जाड ग्रंथी असतात आणि तेल पातळ सालीखाली साचलेलं असतं. ती साल फाडायला ताठ, चपट्या केसांची फणी लागते. लायसिमाकिया किंवा डायेशियाच्या फुलांत तेल बारीक ग्रंथिल केसांवर उघडंच असतं. तिथे खरवडून उपयोग नाही, टिपून घ्यावं लागतं. त्यासाठी पायावर मखमलीसारखी दाट, मऊ केसांची गादी असते. फणी काय किंवा गादी काय, नात्याने दूर असलेल्या माश्यांमध्येही स्वतंत्रपणे घडली आहे. त्यामुळे नुसती गादी पाहून नाव ठरवलं की चूक होते.

पुढच्या पंखाच्या टोकाकडे, वरच्या कडेला एक लांबट कप्पा असतो. त्याच्या खाली ओळीने दोन कप्पे आहेत की तीन, ते मोजा. दहापट भिंग पुरतं. मॅक्रोपिस आणि टेनोप्लेक्ट्रा या तेलमाश्यांच्या प्रजातींना दोन असतात. रेडिव्हिव्हा, सेंट्रिस, एपिकॅरिस यांना तीन.

खरा घोळ होतो तो दोन कप्पेवाल्यांत. मॅक्रोपिस आणि टेनोप्लेक्ट्रा दोन्ही लहान, काळपट, आखूड जिभेच्या, आणि पूर्व आशियात दोन्ही सापडतात. टेनोप्लेक्ट्राची जीभ इतकी फसवी आहे की ती लांब जिभेच्या माश्यांच्या कुळातली असूनही बराच काळ तिला वेगळं काढलं जायचं. निवाडा मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाशी, आतल्या काट्यावर होतो. मॅक्रोपिसचा काटा साधा, बारीक. टेनोप्लेक्ट्राचा बुडाशी रुंद, दातेरी, नडगीचं टोक जवळजवळ व्यापणारा. फणी आणि काटा हेच तिच्या नावात आहे. शिवाय ती तेल पोटाखालच्या केसांच्या ब्रशने पुसून घेते, तर मॅक्रोपिस पुढच्या आणि मधल्या पायांच्या मऊ केसांनी टिपते.

युरोपात मॅक्रोपिसच्या युरोपिया आणि फुल्व्हिपेस या दोन जातींत निवड करायची वेळ वारंवार येते. मादीचा मागचा पाय बाजूने पाहा. युरोपियाच्या नडगीवर पांढरे केस आणि त्याखालच्या पहिल्या लांबट पेरावर काळे, असा स्पष्ट विरोध दिसतो. फुल्व्हिपेसच्या पायावरचे केस पिवळसर-तांबूस छटेचे. इथे फसवतो तो तेलात कालवलेला पराग: तो चिकटला की पांढरे केस पिवळे वाटतात आणि युरोपियाची फुल्व्हिपेस होते. म्हणून नमुना धुतल्याशिवाय रंगावर निर्णय नको. अल्कोहोलमध्ये बुडवा, कोमट पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाकून पाच मिनिटं हलकेच ढवळा, स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या, टिपकागदावर निथळा आणि हेअर ड्रायरच्या मंद हवेत केस सुटे होईपर्यंत वाळवा. तेल तरीही सुटलं नाही तर इथाइल ॲसिटेटमध्ये ठेवून पुन्हा वाळवा. ओले केस एकमेकांना चिकटून गाठी होतात आणि गादी, फणी दोन्ही सारख्याच दिसतात.

तीन कप्पेवाल्यांत दक्षिण आफ्रिकेची रेडिव्हिव्हा प्रदेशावरूनच वेगळी पडते. तिच्या काही जातींचे पुढचे पाय विलक्षण लांब. एम्डिओरम जातीत तर शरीरापेक्षाही लांब. डायेशियाच्या फुलाला दोन खोल शेपट्या असतात, तेल त्यांच्या आत, आणि माशी दोन्ही पाय एकदम आत घालते. पण पायाची लांबी हाच जातीचा पुरावा मानू नका. नेलियाना या एकाच जातीत ती ठिकाणागणिक बदलते, तिथल्या फुलांच्या शेपटीच्या लांबीबरोबर.

सेंट्रिस की एपिकॅरिस, हा प्रश्न फक्त अमेरिका खंडांतला. दोन्ही धष्टपुष्ट, दोघींच्या पुढच्या-मधल्या पायांवर फण्या, फुलंही तीच. एपिकॅरिसच्या डोळ्यांमागून चाबकासारखे लांब केस निघून पाठीकडे वळतात, सेंट्रिसला ते नसतात. मागून प्रकाश टाकला की चटकन दिसतात. झिजलेल्या माशीत एका बाजूचे तुटलेले असू शकतात, म्हणून दोन्ही बाजू पाहा. आणि फणी नाही म्हणून सेंट्रिस नाही, असंही म्हणू नका. कोरड्या प्रदेशातल्या काही जातींनी तेल सोडलं आहे आणि फणीही गेली आहे. नरांना तर तेल गोळा करायचंच नसतं, त्यांची जात जननांगं आणि पोटाखालच्या शेवटच्या पट्ट्यांवरून ठरते.

आपल्याकडे तेलमाशीचा संशय आला तर पहिला विचार टेनोप्लेक्ट्राचा करावा. कारलं, करटोली ज्या मोमॉर्डिका प्रजातीत येतात, तिच्यातल्या काही वेलींच्या फुलांशी या माशीचं नातं आहे. इथे गोंधळ होतो तो पान कापणाऱ्या माशीशी: तिलाही दोन कप्पे, तिच्याही पोटाखाली केसांचा ब्रश. पण ती पराग पोटाखालीच वाहते, तिचे मागचे पाय मोकळे असतात. टेनोप्लेक्ट्रा पराग मागच्या पायांवर वाहते आणि तिथेच तो दातेरी काटा असतो. फोटो काढताना पाठीचा एक पुरे. उरलेले सगळे मागच्या पायाचे, आतल्या बाजूने घ्या.