गुटेनबर्गच्या मोफत ग्रंथालयातील पाच कृपण

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयातील ज्येष्ठ वाचकांच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि दोन तास चर्चा होऊनही तो सुटला नाही. जन्मभर पैशाला चिकटून राहिलेला माणूस खरोखर बदलू शकतो का? दाखले दोन्ही बाजूंनी पुष्कळ आले, पण प्रत्येकाचा अनुभव आपापल्या घरापुरता होता. म्हणून ज्या लेखकांनी कृपण माणसाच्या मनात शिरून पाहिले, त्यांचीच पुस्तके ओळीने वाचावीत असे मी ठरवले. ती पाचही पुस्तके मला ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळाली. हा अभिप्राय त्या सेवेबद्दल आहे आणि तिच्या कपाटातील या एका कप्प्याबद्दलही आहे.

मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला, तेथून हे ग्रंथालय सुरू झाले. आज त्यात ७०,००० हून अधिक पुस्तके आहेत. नावनोंदणी करावी लागत नाही आणि वर्गणीही नाही. पुस्तकाच्या पानावर जाऊन हवे ते रूप उतरवून घ्यायचे, इतकेच. मोबाइलवर वाचणाऱ्यांनी ईपब रूप घ्यावे, कारण त्यात अक्षरे मोठी करता येतात. प्रत्येक पुस्तकाच्या पानावर विषयांची यादी असते. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या पुस्तकाच्या यादीत ‘कृपण’ हा विषय दिसला आणि त्यावर बोट ठेवताच त्याच जातकुळीच्या इतर कथा समोर आल्या. माझ्यासारख्या विषय धरून वाचणाऱ्या माणसाला ही सोय फार मोलाची वाटते. याच पुस्तकाची एक छापील प्रत मी पूर्वी ऑनलाइन मागवली होती. तिच्या मुखपृष्ठावर संपूर्ण आवृत्ती असे छापलेले असूनही आतील मजकूर संक्षिप्त निघाला. तेव्हापासून शंका आली की मी गुटेनबर्गवरील पाठ उघडून ताडून पाहतो.

हे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाले, त्याची किंमत ५ शिलिंग होती आणि पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. कथेचा कृपण नायक स्क्रूज याचा कारकून बॉब क्रॅचिट याला आठवड्याला १५ शिलिंग पगार मिळतो. म्हणजे ज्याच्या हालांची ही कथा, त्याला ती विकत घेण्यासाठी आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. आज तीच कथा कोणाही कारकुनाला फुकट वाचता येते, याचे मला मनापासून समाधान वाटते.

स्क्रूजबद्दल आमच्या बैठकीतील मुख्य आक्षेप असा होता की एका रात्रीत, भुतांच्या भीतीने, कोणी माणूस बदलत नाही. मूळ पाठ सावकाश वाचल्यावर मला तो आक्षेप अर्धाच खरा वाटला. मृत भागीदार मार्ली गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपे आणि खतावण्या यांची साखळी ओढत येतो, त्याने स्क्रूज घाबरतो हे खरे. पण बदलाची पहिली खूण भीतीतून येत नाही. पहिले भूत त्याला त्याच्या शाळेत नेते. सुटीत सगळी मुले घरी गेलेली असताना एकटा वाचत बसलेला मुलगा त्याला दिसतो, आणि तो मुलगा आपणच होतो हे ओळखून स्क्रूज रडतो. मग तो पुटपुटतो की काल रात्री आपल्या दाराशी एक पोरगा नाताळचे गाणे म्हणत होता, त्याला काहीतरी द्यायला हवे होते. एवढीच इच्छा, तीही वेळ निघून गेल्यावर झालेली. पुढे कबरीवर स्वतःचे नाव वाचण्याचा जो प्रसंग येतो, तो या एका वाक्यापुढे मला बराच ढोबळ वाटतो. लेखकाने बदल झाल्यानंतरचा जेमतेम दीड दिवस दाखवला आहे आणि पुढची वर्षे दोन-चार ओळींत सांगून टाकली आहेत. आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग येथे लागू पडतो.

मोलिएरचे ‘द मायझर’ चार्ल्स हेरन वॉल यांच्या इंग्रजी भाषांतरात मिळते. आचार्य अत्रे यांनी याच नाटकावरून ‘कवडीचुंबक’ लिहिल्यामुळे आपल्याकडच्या वाचकांना त्याचा नायक अनोळखी वाटणार नाही. मूळ नाटक १६६८ चे असून आर्पागोंची भूमिका स्वतः मोलिएरने केली होती. ‘देणे’ या शब्दाचा या माणसाला इतका तिटकारा आहे की तो समोरच्याला शुभदिनही देत नाही, उसना देतो, असे नोकर त्याच्याविषयी सांगतो. बागेत पुरलेली पेटी चोरीला गेल्यावर तो चोर समजून स्वतःचाच दंड पकडतो. प्रेक्षक येथे हसतात. मला मात्र हा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला, कारण पैसा गेल्यावर त्याच्यापाशी स्वतःखेरीज धरायला कोणीच उरलेले नाही. शेवटी मुलांच्या लग्नांना संमती देण्याच्या मोबदल्यात त्याला पेटी परत मिळते आणि तो तिला पाहायला निघून जातो. तो बदलत नाही. ही परत मिळालेली पेटी लक्षात ठेवावी, तिचा संबंध पुढे येणार आहे.

बाल्झाकच्या ‘युजेनी ग्रांदे’ (१८३३) या कादंबरीतील बाप तर कधी काही गमावतच नाही. सोम्यूर गावचा हा पिंप बनवणारा कारागीर द्राक्षमळे आणि सोने यांच्या जोरावर गावातील सर्वांत श्रीमंत होतो. घरातील साखरेचे खडे तो मोजून देतो. मुलीला तो वाढदिवसाला सोन्याची नाणी देतो आणि ती जागेवर आहेत की नाहीत हे पाहायला मागतो. तिने ती चुलतभावाला दिली असे कळताच तो तिला खोलीत कोंडून पाणी-पावावर ठेवतो. मरतेवेळी धर्मगुरू त्याच्या ओठांशी मुलामा दिलेला क्रूस नेतात तेव्हा तो क्रूसच हिसकावण्यासाठी तो झेपावतो आणि त्या धडपडीतच त्याचा प्राण जातो. या दृश्याची थोरवी सर्वज्ञात आहे. माझ्या मनात मात्र त्यापेक्षा मुलीचा शेवट राहिला. युजेनी उदार आहे, दानधर्म करते, तरीही बाप ज्या दिवसांपुरती शेकोटी पेटवू देत असे त्याच दिवशी ती अफाट श्रीमंत झाल्यावरही पेटवते. लोभ तिच्यात कधी नव्हताच, पण त्याने घालून दिलेली शिस्त तिला सोडता आली नाही. कृपण घरात वाढलेल्या वाचकांनी ही शेवटची पाने जरूर वाचावीत.

गुटेनबर्गच्या मर्यादाही येथे सांगायला हव्यात. ज्यांच्या स्वामित्वहक्काची मुदत अमेरिकेत संपली आहे अशीच पुस्तके तेथे प्रामुख्याने असल्यामुळे भाषांतरे जुनी आहेत. गोगोलच्या ‘डेड सोल्स’चे डी. जे. होगार्थ यांचे भाषांतर वाचताना हे फार जाणवते. वाक्ये जड आहेत आणि रशियन बोलण्याचा तिखटपणा इंग्रजी सभ्यतेखाली दबून गेला आहे. हे एक पुस्तक नव्या भाषांतरात विकत घेऊन वाचावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ते वाचावे मात्र अवश्य, कारण प्ल्युश्किन या जमीनदाराचे प्रकरण आमच्या प्रश्नाच्या गाभ्याला हात घालते. हा माणूस जन्मतः कंजूष नव्हता. तो काटकसरी, पण पाहुणचार करणारा गृहस्थ होता. बायको वारली, थोरली मुलगी एका घोडदळातील अधिकाऱ्याबरोबर निघून गेली, घर रिकामे होत गेले आणि त्या रिकाम्या जागेत मोडक्या वस्तू साचत गेल्या. मुलगी लहानग्याला घेऊन भेटीला येते तेव्हा तो तिला क्षमा करतो आणि नातवाच्या हातात टेबलावर पडलेले एक बटण खेळायला देतो. पैसा मात्र देत नाही. पुढच्या खेपेस ती दोन मुलांना घेऊन, केक आणि नवा झगा भेट म्हणून आणते. तो नातवंडांना मांडीवर खेळवतो, भेटी ठेवून घेतो आणि तिला रिकाम्या हाताने परत पाठवतो. पाहुणा चिचिकोव्ह याला खिशातले घड्याळ द्यावे असे त्याला क्षणभर वाटते. मग तो ठरवतो की आपल्या मृत्युपत्रात ते त्याच्या नावे लिहून ठेवावे.

घड्याळाचा हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. आमचे मामा २०१८ मध्ये गेले. त्यांच्या लोखंडी पेटीत पाकिटे निघाली. प्रत्येकावर एकेका भाच्याचे, पुतणीचे नाव होते आणि आत ५०० व १,००० च्या जुन्या नोटा होत्या, ज्या नोव्हेंबर २०१६ मध्येच रद्द झाल्या होत्या. माझ्या नावाच्या पाकिटावर माझ्या मुंजीचे वर्ष लिहिलेले होते. मामांना द्यायचे नव्हते असे मला आता म्हणता येत नाही.

प्ल्युश्किनला तसेच सोडून द्यायचे नाही, असे गोगोलच्या मनात होते. १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निवडक पत्रांत त्याने लिहिले आहे की ‘डेड सोल्स’च्या तिसऱ्या खंडापर्यंत पोहोचलो तर प्ल्युश्किनच्या तोंडून काही सांगायचे आहे. फेब्रुवारी १८५२ मध्ये त्याने दुसऱ्या खंडाचे हस्तलिखित जाळले, त्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला आणि तिसरा खंड लिहिला गेलाच नाही. प्ल्युश्किन काय बोलला असता, हे मला अतिशय मनापासून जाणून घ्यायचे होते.

चित्रे पाहायची असतील तर गुटेनबर्ग उपयोगी पडत नाही. हिएरोनिमस बॉशचे ‘डेथ अँड द मायझर’ हे १४८५-९० च्या सुमाराचे उभे, अरुंद चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोठे करून मोफत पाहता येते. मृत्यू बाण घेऊन दारातून शिरतो आहे, देवदूत खिडकीतील क्रुसाकडे पाहायला सांगतो आहे, आणि बिछान्यातील माणसाचा हात पडद्याखालून पुढे आलेल्या पैशाच्या थैलीकडे वळलेला आहे. तो कोणत्या बाजूला वळेल, हे चित्रकाराने ठरवलेले नाही. मोबाइलवर हे चित्र पाहू नये, संगणकाचा मोठा पडदा घ्यावा. खालच्या बाजूस पेटीत नाणी टाकणाऱ्या म्हाताऱ्याकडे जपमाळही आहे, हे मला तिसऱ्यांदा पाहताना दिसले.

या पाचांत मी पहिला क्रमांक जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’ला (१८६१) देतो. इंग्रजीतच लिहिलेले असल्यामुळे भाषांतराची अडचण नाही आणि पाठही स्वच्छ आहे. सायलस हा विणकर आहे. जिवलग मित्राच्या कपटामुळे त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, पंथातील मंडळी चिठ्ठ्या टाकून त्याला दोषी ठरवतात, आणि माणसांवरचा व देवावरचा विश्वास उडालेला हा तरुण दूरच्या रॅव्हलो गावी येऊन राहतो. पंधरा वर्षे तो मागाशी बसून काम करतो आणि मिळालेल्या सोन्याच्या गिन्या जमिनीच्या विटांखाली लपवून रात्री काढून पाहतो. कोणाची साथ नाही, म्हणून नाण्यांचे चेहरे त्याला ओळखीचे झाले आहेत. लोभ येथे मूळ रोग नाही. तुटलेल्या विश्वासाच्या जागी तो येऊन बसला आहे.

एक लहानसा प्रसंग लेखिकेने याच काळात घातला आहे. बारा वर्षे विहिरीवरून पाणी आणलेले मातीचे मडके एके दिवशी फुटते. त्याचा आता काही उपयोग नाही, तरीही सायलस तुकडे गोळा करून, जोडून, ते नेहमीच्या जागी टेकवून ठेवतो. ज्या माणसाला निरुपयोगी मडक्याची आठवण जपावीशी वाटते, त्याचे मन मेलेले नाही, एवढे दोन वाक्यांत कळते.

मग सोने चोरीला जाते, आणि आर्पागोंप्रमाणे ते लगेच परत मिळत नाही. नववर्षाच्या आदल्या रात्री उघड्या दारातून एक दोन वर्षांची पोरकी मुलगी चुलीपाशी येऊन निजते. दृष्टी अधू असलेल्या सायलसला तिचे केस पाहून आपले सोने परत आले असे वाटते. तो हात लावतो तर बोटांना मऊ कुरळे केस लागतात. सोने त्याला मागाशी बांधून ठेवत होते, ही मुलगी, एपी, त्याला उन्हात बाहेर ओढते. तिच्यासाठी काय करावे हे शेजारणीला विचारावे लागते, म्हणून गावाशी त्याचे बोलणे सुरू होते. पैसा तो पुढेही मिळवतो, पण आता तो पैसा कशासाठी हे त्याला ठाऊक आहे. सोळा वर्षांनी खाणीतले पाणी आटून सोने सापडते तेव्हा त्याची पकड सुटलेली असते. प्ल्युश्किनच्या घरी नातवंडे भेटीला आली आणि गेली. येथे मूल राहिले. स्क्रूजला एक रात्र मिळाली, याला सोळा वर्षे मिळाली, आणि म्हणूनच या बदलावर माझा पूर्ण विश्वास बसतो.

डोळ्यांना त्रास असणाऱ्यांसाठी लिब्रिव्हॉक्स ही २००५ मध्ये सुरू झालेली सेवा आहे. तेथे स्वयंसेवकांनी वाचून ध्वनिमुद्रित केलेली अशीच पुस्तके मोफत ऐकता येतात. वाचकागणिक आवाजाचा दर्जा बदलतो, म्हणून आधी पहिले प्रकरण ऐकून मग निवड करावी. इंग्रजीची सवय नसलेल्यांना मात्र हा मार्गही बंद आहे. आमच्या मामींना मी दर रविवारी ‘सायलस मार्नर’ मोबाइलवरून वाचून मराठीत सांगतो. मडक्याचा प्रसंग त्यांनी मला पुन्हा सांगायला लावला. मग त्या उठून माजघरात गेल्या आणि मामांच्या वडिलांची काठी घेऊन आल्या. ती मधोमध मोडलेली होती. मामांनी तांब्याची तार घट्ट गुंडाळून ती जोडली होती आणि चाळीस वर्षे दाराच्या कोपऱ्यात उभी ठेवली होती.