स्थानिक हिस्सा: रोख भरावा की श्रमदानात?

परदेशी निधीच्या जोडीनं काम करायचं तर कोल्हापुरातल्या आमच्यासारख्या लहान संस्थेपुढे साधारण दोन वाटा असतात. पहिली रोख जुळणीची, म्हणजे आपला हिस्सा रोखीतच भरायचा. रोटरी फाउंडेशनची ग्लोबल ग्रँट त्यातली माहितीची: प्रकल्प किमान 30,000 डॉलरचा, इथला एक क्लब आणि परदेशातला एक क्लब भागीदार, श्रमदान किंवा वस्तू जुळणीत धरत नाहीत. दुसरी वाट जागतिक पर्यावरण निधीच्या लघु अनुदान कार्यक्रमासारखी. तिथं लहान अनुदान मिळतं आणि स्थानिक हिस्सा रोख किंवा वस्तुरूपात चालतो. विषय मात्र पर्यावरणाचाच हवा.

मी दोन्ही तऱ्हांची कामं केली आहेत, वेगळ्या भागीदारांबरोबर.

रोख जुळणीचं काम राधानगरीच्या वरच्या अंगाला, एका वाडीत झऱ्याच्या पाण्याचं होतं. माणसं महिनाभर राबली. चर खणले, डबर आपल्या ट्रॅक्टरनं आणला, डिझेलही घरचंच. भागीदाराच्या हिशेबात हे सगळं शून्य! वर्गणी रोखच हवी, तीही पहिल्या हप्त्याआधी, पावसाळ्याच्या तोंडावर. आपल्याकडे गावात रोकड येते ती ऊसबिलाला, नाहीतर दुधाच्या दहा दिवसांच्या बिलाला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आमी राबलो त्येची किंमत न्हाईच व्हय?" मला उत्तर देता आलं नाही. शेवटी चौघांनी उसनवारी करून पैसे भरले. ते मला आजही लागतं.

श्रमदान धरणाऱ्या कामात कटकट वेगळी. रोजचं मस्टर, सह्या-अंगठे, तारखेसह फोटो, शिवाय मजुरीचा दर आधी ठरवलेला हवा. मस्टरमध्ये खंड पडला की ऑडिटर तेवढे दिवस कापतो. पण जलस्वराज्य या राज्याच्या ग्रामीण पाणी योजनेच्या वेळी 10 टक्के लोकवर्गणी भरलेल्या गावांना ही शिस्त नवी नाही.

दवाखान्याची यंत्रं घ्यायची असतील तर रोख जुळणीच बरी, तिथं श्रमदानाचा उपयोग नाही. परकीय योगदान कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही, म्हणून करार कोणाच्या नावे हे आधीच बघा.

पाणी, माती, जंगलाचं काम असेल तर माझा कल दुसऱ्या वाटेकडे. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. तरी भागीदाराला पहिल्याच पत्रात विचारा: श्रमदान धरणार का, आणि कोणत्या दरानं? उत्तर लेखी आल्याशिवाय गावात बैठक लावू नका.