व्होलिनी, मूव्ह की साधं डायक्लोफेनॅक? ट्यूब घेण्याआधी मागची बाजू वाचा

आमच्या घरात सध्या दुखणाऱ्या जागा तीन. आईचा उजवा गुडघा (वय ७४, एक्स-रेत झीज दिसतेय), गोविंदा पथकात तिसऱ्या थराला उभ्या राहणाऱ्या भाच्याचा खांदा, आणि ठाण्याच्या उपवनला तळ्याभोवती फेऱ्या मारण्याचा उत्साह अंगाशी आलेली माझी पोटरी. तिघांना मिळून एकच ट्यूब आणावी म्हणून नौपाड्यातल्या औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने पाच-सहा खोकी ओळीने मांडली आणि म्हणाला, "कुठलीही घ्या ताई, सगळ्या सेमच."

सेम नाहीत. खोक्याच्या पुढच्या बाजूला सगळीकडे दुखरा गुडघा आणि चमकणारी अक्षरं असतात, म्हणून तसं वाटतं. खरी भानगड मागे, बारीक अक्षरांत. मी चष्मा काढून ट्यूब नाकाशी धरून वाचत उभी राहिले. मागच्या गिऱ्हाइकाने दोनदा घसा खाकरला, पण वाचून झालं ते बरं झालं.

मागे काय लिहिलेलं असतं

पहिला प्रकार साध्या डायक्लोफेनॅक जेलचा. 'डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के', बस. सूज आणि वेदना कमी करणारं हेच यातलं औषध. वास जवळजवळ नाही, झोंबणं नाही, थंडावा नाही. म्हणून दुकानात मागे पडतं आणि घरी आणलं की "हे काही लागू पडत नाही" म्हणून कोपऱ्यात जातं. जनऔषधी केंद्रातही मिळतं आणि तिथे बरंच स्वस्त पडतं.

दुसरा प्रकार मिसळीचा, म्हणजे व्होलिनी किंवा ऑम्नीजेल. डायक्लोफेनॅक तेवढंच, १.१६ टक्के. वर मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल (म्हणजे पुदिन्याचं सत्त्व) ५ टक्के आणि जवसाचं तेल ३ टक्के. लावल्यावर आधी गार, मग ऊबदार वाटतं ते या मेंथॉल-सॅलिसिलेटमुळे. डायक्लोफेनॅक त्या वेळी अजून कातडीत शिरायच्या रांगेत असतं.

तिसरा प्रकार मूव्ह, आयोडेक्स आणि तऱ्हेतऱ्हेचे बाम. यांच्या नेहमीच्या मलमांत डायक्लोफेनॅक नाही. मूव्हवर नीलगिरी तेल, टर्पेंटाइन, पुदिन्याचं सत्त्व आणि गंधपुरा तेल अशी नावं दिसतात, आणि वर 'आयुर्वेदिक औषध'. आई हे वाचून खूश. "बघ, यात केमिकल नाही."

इथे जरा थांबते, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. गंधपुरा तेल म्हणजे विंटरग्रीनचं तेल, आणि ते जवळजवळ संपूर्ण मिथाइल सॅलिसिलेटच असतं. म्हणजे व्होलिनीवर इंग्रजी नावाने छापलेला पदार्थ मूव्हवर देशी नावाने येतो. ॲस्पिरिनच्या भावकीतला आहे तो. एकाला केमिकल आणि दुसऱ्याला जडीबुटी म्हणून घाबरायचं किंवा बिनधास्त राहायचं, याला काही अर्थ नाही. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी दोन्ही प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत, कारण कातडीतून गेलेलं सॅलिसिलेटही त्या गोळीचा परिणाम वाढवू शकतं. घरात रांगतं मूल असेल तर आणखी एक: शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त गोळ्या. ट्यूबमध्ये ते पातळ केलेलं असलं तरी बाम, तेल, ट्यूब सगळं वरच्या फळीवर. उशाशी नको.

थंड वाटलं म्हणजे बरं झालं का

मेंथॉल कातडी थंड करत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतं आणि मेंदूला 'गार लागतंय' असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन तसंच उष्णतेचा खोटा निरोप पाठवतं. या दोन पदार्थांच्या मदतीने शरीरातले हे संवेदक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. दुखण्याच्या निरोपाच्या आधी गारव्याचा निरोप पोचतो, आणि तेवढा वेळ दुखणं मागे राहतं. चालून आखडलेल्या माझ्या पोटरीला तेवढं पुरतं, तसंही ते दोन दिवसांत आपोआप जाणारं दुखणं. आईच्या गुडघ्यातली सूज मात्र या गारव्याने हलत नाही.

डायक्लोफेनॅकचे आकडेही दोन्ही बाजूंनी बघावेत. औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांत ताज्या मुरगळीला किंवा लचकीला डायक्लोफेनॅकचं इमलजेल (जरा मलमासारखं जेल) लावणाऱ्या १०० जणांपैकी ७८ जणांना आठवड्याभरात चांगला फरक पडला, औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत २० जणांना. गुडघ्याच्या जुन्या झिजेला सहा ते बारा आठवडे लावल्यावर हे प्रमाण ६० आणि ५०. म्हणजे भाच्याच्या खांद्याला ते जोरदार चालणार आणि आईच्या गुडघ्याला थोडंफार. त्या ५० वरून घरातल्या कुणाला हसू नका. नुसतं जेल प्रेमाने चोळूनही निम्म्यांना बरं वाटतं.

मग थोडंफार असूनही आईला तेच का? कारण तिला पर्याय गोळीचा आहे. बीपीची गोळी चालू, पित्ताचा त्रास जुना, आणि डायक्लोफेनॅकची गोळी या दोन्हीला नडते. जेलमधून रक्तात जाणारं डायक्लोफेनॅक गोळीच्या मानाने साधारण ६ टक्के. गुडघा कातडीच्या लगेच खाली, त्यामुळे औषध हवं तिथे पोचतं. ब्रिटनच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना गुडघ्याच्या झिजेला गोळीआधी असं लावायचं औषधच सुचवतात. खुब्याच्या सांध्याला मात्र ट्यूब फुकट जाते, तो फार खोल. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेलाही तेच.

हरभरा की अक्रोड

आता आमच्या घरातला खरा घोटाळा. आई सहा महिने जेल लावत होती आणि गुण नाही म्हणत होती. एकदा तिला लावताना नीट पाहिलं. ट्यूबमधून हरभऱ्याएवढा ठिपका काढला, गुडघ्यावर फिरवला, उरलेला कोपराला पुसला. मी केकचा वजनकाटा आणला. हरभरा भरला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही.

इमलजेलच्या माहितीपत्रकात एका वेळी २ ते ४ ग्रॅम, चेरीपासून अक्रोडाएवढं, दिवसातून तीन-चार वेळा असं असतं. अमेरिकेत तर खोक्यात मोजपट्टी देतात, गुडघ्याला ४ ग्रॅम, म्हणजे साडेचार इंच लांब जेलची रेघ. आई म्हणाली, "अक्रोड गुडघ्याला कसला लावतेस, खायला आण." पण हिशेब करा. ३ ग्रॅम तीनदा म्हणजे दिवसाला ९ ग्रॅम, ३० ग्रॅमची ट्यूब तीन दिवसांत खलास. म्हणूनच गुडघ्यासाठी घ्यायचं तर मोठ्या पॅकची आणि एका ग्रॅमला काय पडतं याची चौकशी करूनच घ्यावं. झोंबणाऱ्या ट्यूबचे जास्त पैसे देऊन ती हरभरा-हरभरा वापरण्यात काहीच हशील नाही. आणि लावल्यावर दहा मिनिटं कपडा नको, तासभर पाणी नको, हात धुवायचे. दुखरी बोटंच असतील तर अर्थात धुवायचे नाहीत.

एक चूक माझीही सांगते. पोटरीला मेंथॉलवालं जेल चोळलं, वर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि मालिका बघत बसले. अर्ध्या तासाने पिशवीच्या आकाराचा लालभडक चट्टा. दोन दिवस सलवारचा स्पर्शही सहन होईना. नंतर वाचलं की मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटवाल्या मलमांनी कातडी भाजण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२मध्ये इशारा दिला होता. जास्त घटना मेंथॉल ३ टक्क्यांच्या आणि सॅलिसिलेट १० टक्क्यांच्या वर असलेल्या मलमांच्या. आपल्याकडच्या मिसळीत मेंथॉल ५ आहे. त्यावर शेक नाही, घट्ट क्रेप बँडेजही नाही.

स्प्रे, कीटोप्रोफेन, मिरचीचं मलम

स्प्रे सोयीचा, बाकी काही नाही. मैदानावर, पाठीला, हात बरबटू नये म्हणून ठीक. किती औषध गेलं याचा पत्ता लागत नाही. देवघरात निरांजन चालू असताना मारू नका, पेट घेतो.

कीटोप्रोफेन हे डायक्लोफेनॅकच्याच जातीचं औषध, त्याचं जेल डॉक्टर कधी लिहून देतात. औषध चांगलं, पण लावलेल्या जागेवर ऊन पडलं तर फोड येऊ शकतात, आणि ही काळजी जेल थांबवल्यावरही दोन आठवडे घ्यायची. कोपराला लावून अर्ध्या बाहीच्या शर्टात घोडबंदर रोडने स्कूटर चालवणाऱ्यांनी दुसरं काहीतरी मागावं.

कॅप्सेसिनचं मलम चिकाटीच्या माणसासाठी. दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे सलग, तेव्हा गुण. पहिले दिवस जळजळ ठरलेली. ठेचा केल्यावर डोळ्याला हात लागला की काय होतं ते ज्याला ठाऊक आहे त्याने हातमोजा घालूनच लावावं. बोटांच्या सांध्यांना तर नकोच, दिवसभरात डोळ्यापर्यंत हात जातोच.

कुणाला कोणतं

भाच्याला साधं डायक्लोफेनॅक, आठवडाभर, आणि तोवर थर लावायला सुट्टी. टेंभी नाक्याची हंडी तोंडावर आलेली, त्यामुळे "मावशी, वास येणारं दे ना, लगेच मोकळा होतो खांदा" असं तो म्हणाला. लगेच मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि पोरगा परत वर चढतो, म्हणूनच दिलं नाही.

आईला तेच, पण मोठ्या पॅकमधलं आणि मोजून. मिसळ घेतली असती तरी डायक्लोफेनॅक तेवढंच मिळालं असतं, वर जास्तीची झोंब आणि पिशवीच्या शेकाला कायमची बंदी. तिला शेक सोडवत नाही. माझ्या पोटरीला घरात होती तीच मूव्हची ट्यूब.

दमा ॲस्पिरिनने वाढतो असा अनुभव असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डायक्लोफेनॅकचं जेलही विचारूनच. गुरांना टोचलेल्या याच औषधामुळे, मेलेली जनावरं खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि २००६मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आणि जेल म्हणजे इंजेक्शन नव्हे. पण वर जेल आणि पोटात तीच गोळी असा दुहेरी मारा करू नये. सांधा लाल, गरम होऊन ताप आला, किंवा एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा. पोटरीत रक्ताची गाठ असेल तर चोळणं महागात पडतं. छातीतून डाव्या खांद्यात येणारी कळ तर ट्यूबचं कामच नाही.

आईचे मोजून लावायचे दोन आठवडे शनिवारी संपले. जांभळी नाक्याहून भाजी घेऊन आल्यावर ती म्हणते, जिना उतरताना कमी दुखतं, चढताना पूर्वीइतकंच. चढण्याचं विचारायला ऑर्थोपेडिककडे शुक्रवारची वेळ घेतली आहे. मांडीच्या व्यायामाचा कागद तिथून मिळाला तर वजनकाटा परत केकसाठी मोकळा होईल.